वायफाय, झिगबी आणि लोरा: आठ महिने एकाच बिल्डिंगमध्ये वापरल्यावर

चार मजल्यांच्या ऑफिसात वीज मोजायला आणि एसी-लाईट कंट्रोल करायला वायफाय, झिगबी, लोरा ही तिन्ही वायरलेस तंत्रं वापरून झाली, म्हणून लिहितोय.

सुरुवात वायफाय प्लगनी केली कारण राउटर होताच, वेगळा गेटवे (सेन्सरचे सिग्नल घेऊन नेटवर्कला देणारा डबा) कशाला घ्यायचा. तीन महिने मस्त चाललं, मग आयटीवाल्यांनी पासवर्ड बदलला आणि ४० च्या ४० प्लग मुके! एकेकाचं बटण दाबून धरत परत जोडायला दोन दिवस गेले. शिवाय सेलवरच्या सेन्सरला वायफाय परवडत नाही, सेल लगेच बसतो.

मग झिगबी, म्हणजे कमी वीज खाणारं, जवळच्या पल्ल्याचं वायरलेस. स्पीड २५० केबीपीएसच, पण रीडिंग पाठवायला तेवढा रग्गड झाला, टेम्परेचर सेन्सरचे सेल अजून पहिलेच आहेत. आधी रीडिंग सारखी गळायची, बघितलं तर आपण चॅनल १८ वर आणि शेजारचं वायफाय ६ वर, नंबर वेगळे पण फ्रिक्वेन्सी तीच, म्हणजे दोघं एकमेकांच्या डोक्यावर. २५ वर नेलं, शांत. दुसरी गोम मेशची (डिव्हाइसं एकमेकांचे सिग्नल पुढे पोचवतात ते जाळं), सिग्नल पुढे ढकलायचं काम फक्त कायम लाईटवर असलेली डिव्हाइसं करतात, सेलवाली नाही. पॅसेजमधला प्लग कुणीतरी व्हॅक्युम क्लीनरसाठी उपटला की कोपऱ्यातली अख्खी खोली गायब. आता त्यावर ‘काढू नका’ची चिठ्ठी आहे, हेच आमचं नेटवर्क मॅनेजमेंट 😄

बेसमेंटच्या मेन पॅनलपर्यंत मात्र झिगबी पोचेचना, तिथे लोरावॅन (लोरा रेडिओवर चालणारं लांब पल्ल्याचं नेटवर्क) लावलं. मीटरच्या आरएस-४८५ पोर्टवरून (डेटाची वायर जोडायची जागा) मॉडबसने (मीटरशी बोलायची ठरलेली भाषा) रीडिंग घ्यायचं आणि गच्चीवरच्या गेटवेला पाठवायचं. पहिल्या दिवशी काहीच येईना, कारण अँटेना लोखंडी पॅनलच्या आत आणि दार बंद! ग्लँडमधून (पॅनलला वायरसाठी असलेलं घट्ट बसणारं तोंड) वायर काढून अँटेना बाहेर लावली, तेव्हापासून दर १५ मिनिटांनी बिनबोभाट येतंय.

पण लोरावर कंट्रोल करायला जाल तर जपून. लोरावॅनचा क्लास ए प्रकारचा नोड (म्हणजे टोकाचं डिव्हाइस) स्वतः काही पाठवल्यावरच क्षणभर ऐकतो, त्यामुळे पंप बंदची कमांड दिली आणि पंप चांगला दहा-बारा मिनिटं चालूच. क्लास सी सतत ऐकतो पण त्याला कायम वीज लागते, पंपापाशी ती होतीच, तिथे तोच घ्यायला हवा होता, चूक माझी.

आणि हो, कुठलंही घ्या, मीटरमधून नुसते वॉट न घेता चढत जाणारं युनिटचं रीडिंग घ्या, मधली दोन-चार पॅकेट हरवली तरी पुढच्या रीडिंगमधून मागचं वजा केलं की हिशोब जुळतो.