आबांच्या गिळण्याचे सात महिने: ओपीडी, पावडर आणि 10 मिलीची सिरिंज

नोव्हेंबरात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. डिस्चार्जच्या कागदावर बीपीच्या गोळ्या होत्या, फिजिओ होता, गिळण्याबद्दल एक ओळ नव्हती. आबांना ठसका लागत नाही म्हणून आम्ही निर्धास्त. महिनाभरात न्यूमोनिया. मग जळगावला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. (आबा बोलतात नीट, मग स्पीच कशाला, असं मलाही वाटलं होतं. गिळण्याचं कामही त्याच बघतात.)

ईएनटी डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि हिरवा रंग टाकलेलं दूध पाजलं. तो हिरवा ओघळ श्वासनलिकेत उतरताना पडद्यावर दिसला. न्यूमोनिया त्यातूनच. आबा खोकलेच नाहीत. झटक्याने घशाची जाणीवच मंदावली होती, ठसका येणार कुठून?

पाणी आणि चहा पातळ, म्हणून सगळ्यात धोक्याचे; ते घट्ट करायचे. आधी स्वस्तातली स्टार्चची पावडर आणली. चहा थोडा वेळ ठेवला की त्याची खळ व्हायची, लाळ मिसळली की पुन्हा पातळ. आबा म्हणाले, "हाऊ चहा शे का पिठलं शे?" झँथन गम नावाच्या डिंकाची पावडर महाग पडते, पण घट्टपणा टिकतो. चमच्याचा अंदाज दोन्हीत फसतो. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी दाखवलेली रीत पक्की: सुई काढलेल्या सिरिंजमध्ये 10 मिली भरायचं, 10 सेकंद गळू द्यायचं; 4 ते 8 मिली उरलं तर आबांना चालेल.

दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी म्हणजे आमच्याकडचं आजारपणाचं जेवण. नेमकी तीच बंद झाली, कारण दूध पुढे पळतं, तुकडा मागे राहतो. भरीत चाललं, शेंगदाणे, मिरची काढून बारीक घोटलेलं.

मे महिन्यात पारा 44 वर, आणि ते बुळबुळीत पाणी आबांना नको. लघवी गडद झाल्यावर आम्ही जागे झालो. तेव्हापासून दर तासाला अर्धी वाटी, मोजून.

अमळनेरहून पंधरा दिवसांनी गाडीने जायचं, दोन तास ताटकळायचं, वीस मिनिटं भेट. तरी मी सोडणार नाही. मान खाली घालून गिळणं, दोन वेळा दात-जीभ स्वच्छ करणं, जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवणं, हे तिथेच कळलं. परवाच्या तपासणीनंतर पाण्यातली पावडर कमी झाली. शेवभाजीचा रस्सा अजून बंद आहे. त्यावरून रोज भांडण होतं.