जिनिंग वाढवायची तर कर्ज की नवे शेअर?

धरणगाव, बोदवड, शहादा भागात जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या, प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या बऱ्याच. नवी प्रेस किंवा सरकीची तेल मिल टाकायची म्हटलं की पैसा कुठून, हा प्रश्न येतो आणि सीए ईपीएसचा, म्हणजे एका शेअरमागे किती नफा पडतो त्याचा, तक्ता पुढे सरकवतो. तक्ता खोटा नसतो, हे आधीच सांगतो.

समजा कंपनीचे 10 लाख शेअर आहेत आणि लागणार आहेत 2 कोटी. बँकेकडून 11 टक्क्यांनी घेतले तर वर्षाचं व्याज 22 लाख. नाहीतर 50 रुपयांच्या भावाने 4 लाख नवे शेअर. व्याज-कराआधीचा नफा 90 लाख झाला, कर 25 टक्के धरला, तर कर्ज घेऊन ईपीएस 5.10 रुपये आणि शेअर काढून 4.82. नफा 50 लाखांवर घसरला की पारडं फिरतं: कर्जात 2.10, शेअरमध्ये 2.68. बरोबरी होते 77 लाखांवर. कराचा दर बदलला तरी हा आकडा हलत नाही, कारण कर दोन्हीकडे सारखाच कापला जातो.

म्हणजे दरवर्षी 77 लाखांच्या वर राहू का, एवढंच ठरवायचं. कापसात हे छातीठोक सांगणारा मला तरी भेटलेला नाही. 2022 मध्ये क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला भाव पुढे सात हजारांच्या आसपास आला. 2025 च्या ऑगस्टमध्ये सरकारने 11 टक्के आयात शुल्कच काही महिन्यांसाठी उठवलं. गुलाबी बोंडअळी तर आहेच.

माझं मन मात्र वेगळ्याच गोष्टीने फिरलं. ईपीएसमध्ये व्याज दिसतं, मुद्दलाचा हप्ता दिसत नाही. मुद्दल नफ्यातून वजा होत नाही, खात्यातून मात्र जातं. आमचं काम दिवाळीच्या पुढेमागे जोर धरतं आणि उन्हाळ्यात आटोपतं. आषाढात मशीन बंद, मजूर आपापल्या गावी, पण हप्त्याची तारीख येतेच. हंगामाप्रमाणे हप्ते बांधून द्या म्हणून बँकेला विनवलं. साहेबांनी मान डोलावली, कागद आले तेव्हा हप्ते महिन्याचेच होते. भाव चढेल म्हणून राखलेल्या गाठी मग पडत्या बाजारात काढाव्या लागल्या. त्या वर्षीचा आमचा ईपीएस, गंमत म्हणजे, चांगला दिसतो.

शेअरलाही कटकटी आहेत. बाहेरच्याला द्यायचे तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. राइट्समध्ये, म्हणजे आहे त्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ केले तर, ज्या भावाबंदाने पैसे भरले नाहीत त्याचा टक्का घटतो, आणि ते पुढच्या लग्नकार्यात ऐकावं लागतं. व्याजावर करात वजावट मिळते तशी लाभांशावर मिळत नाही. तरी चुलतभाऊ ‘भाऊ, लाभांशाचं काय?’ म्हणाला तर ‘औंदा नाही जमणार’ असं सांगता येतं. बँकेला ते सांगून बघा.

डाळ मिल असेल, वर्षभर माल फिरत असेल, तर माझं ऐकू नका. कर्ज बहुधा परवडेल. जिनिंगला मात्र निम्म्याहून जास्त रक्कम शेअरमधूनच उभी करावी असं मला वाटतं. उरलेल्या कर्जाचे हप्ते नोव्हेंबर ते मार्चमध्येच पडतील हे मंजुरीपत्रात लिहून आल्याशिवाय सही करू नका.