बिलावर थर्मोस्टॅट, हाऊसिंग रिकामं

‘गाडी गरम होत होती, थर्मोस्टॅट बदललाय’ असं सांगून गॅरेजवाल्याने पैसे घेतले असतील, तर तो खरोखर आत बसवलाय का ते बघून घ्या. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. माझ्या गाडीत ती बसवलेलीच नव्हती.

गाडी जुनी, पेट्रोलची. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे, गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये रांगताना तापमानाचा काटा लालकडे सरकायचा. रस्ता मोकळा मिळाला की आपोआप खाली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून लगेच निकाल दिला, “साहेब, थर्मोस्टॅट जाम झालाय.” नवा पार्ट, कूलंट आणि मजुरी धरून ४,२०० रुपये. जुना पार्ट मागून घ्यावा असं सगळेच सांगतात, तसा मीही मागितला. त्याने तो हसत हसत पिशवीत घालून दिला. पावती कच्ची, पैसे यूपीआयने.

गरम होणं थांबलं. पावसाळ्यात मात्र वेगळंच सुरू झालं. रात्री मोकळ्या रस्त्यावर काटा तळालाच बसलेला, आणि ॲव्हरेज चौदावरून अकरावर. सेन्सर ‘इंजिन थंड आहे’ म्हणत राहिला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो. नवा थर्मोस्टॅट उघडाच अडकला असणार, असं वाटून मी दुसरा आणला आणि एका रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्येच कामाला बसलो. इंजिन रात्रभर निवलेलं होतं. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि थेट अंगावर उसळतं. कूलंट टबात काढला, वरच्या होज पाइपची क्लिप सोडवली, हाऊसिंगचे, म्हणजे थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या कप्प्याचे, बोल्ट काढले. आत नुसतं भोक!

मग आठवण झाली पिशवीतल्या जुन्या पार्टची. तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवला, तळाला टेकू दिला नाही, शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर ८२ आकडा कोरलेला होता. साधारण त्या तापमानाला आतलं मेण फुगतं आणि झडप उघडायला लागते. ८३-८४ च्या आसपास ती उघडली, पाणी निवलं तशी मिटली. पार्ट ठणठणीत होता. (ते पातेलं आता पार्किंगचंच. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, स्वयंपाकघरात परत जाणार नाही. टबातलंही उघड्यावर ठेवू नका, चव गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात.)

फ्यूज बॉक्स उघडला तर रेडिएटर फॅनचा रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) कोराकरकरीत. तेव्हा सगळं जुळलं. ट्रॅफिकमध्ये गरम आणि वेगात थंड, हे दुखणं बहुतेक वेळा फॅनचं. थर्मोस्टॅट बंद अडकला असता तर मोकळ्या रस्त्यावरही गाडी तापली असती. त्याने स्वस्तातला रिले गुपचूप बदलला, चांगला थर्मोस्टॅट काढून माझ्याच हातात दिला आणि न बसवलेल्या नव्याचे पैसे लावले. जुना पार्ट पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होतं, हे त्याला पक्कं ठाऊक.

जाब विचारला तर म्हणतो, “साहेब, आपल्या हवेला थर्मोस्टॅट लागतोच कुठे? आम्ही सगळ्यांचाच काढतो.” सगळ्यांचाच! म्हणूनच हे लिहायला बसलो. ठाण्यात थंडी नसली तरी इंजिनला नव्वदच्या आसपास राहायचं असतं. तेल नीट तापलं नाही तर त्यातलं पाणी उडत नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅटचीच खालची चकती बायपासची वाट बंद करते. तिथे तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

बोल्ट न काढताही अंदाज घेता येतो. थर्मोस्टॅट वरच्या होजच्या तोंडाशी असेल, तर सकाळी थंड इंजिन सुरू करून पंख्यापासून हात लांब ठेवत त्या होजला बाहेरून स्पर्श करा. काही मिनिटं ती थंड राहून मग एकदम तापली पाहिजे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेली, तर आत काही नाही किंवा आहे तो उघडा अडकलाय. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) असेल तर मोबाइलवर कूलंटचं तापमानच दिसतं.

माझाच जुना पार्ट नव्या ओ-रिंगसह परत बसवला, हवेचे बुडबुडे निघेपर्यंत कूलंट भरला. काटा आता मध्यावर येऊन थांबतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ चं नाव काढल्यावर गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅटचे पैसे यूपीआयने परत केले, मजुरीचे नाहीत. त्यासाठी तक्रार नोंदवली आहे, सोबत व्हॉट्सॲपवरचं एस्टिमेट आणि रिकाम्या हाऊसिंगचा फोटो. पक्कं बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे, तेही तक्रारीत घातलंय.