नाशिकच्या द्वारका चौकात घेतलेल्या दोन व्हायल : ३३,४५० रुपये पाण्यात

ट्रॅस्टुझुमॅब या कॅन्सरवरच्या इंजेक्शनच्या ४४० मिलिग्रॅमच्या दोन व्हायल (औषधाच्या काचेच्या बाटल्या), प्रत्येकी १६,५००. वर थर्माकोलच्या डब्याचे ४५०. औषधाच्या काउंटरमागे उभं राहणाऱ्या माणसाची ही गत, म्हणून लिहायलाही लाज वाटते.

स्वस्ताला भुललो असं कुणी म्हणू नये. कॅन्सरची औषधं छापील किमतीच्या निम्म्याहून कमी दरात मिळणं रोजचंच आहे, गोळे कॉलनीतल्या घाऊक औषध बाजारात विचारून बघा. हिशोबही सरळ होता. पेशंटचं वजन ६० किलो. पहिला डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, म्हणजे ४८०; तीन आठवड्यांनी किलोमागे ६, म्हणजे ३६०. दोन व्हायलमध्ये ८८०, दोन्ही डोस बसतात. मात्र सोबतच्या २० मिली बॅक्टेरिओस्टॅटिक, म्हणजे जंतू वाढू न देणाऱ्या पाण्यात विरघळवलं तरच उरलेलं औषध २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकतं. साध्या स्टराइल वॉटरमध्ये केलं तर उरलेलं फेकायचं.

आणि खोक्यात ती पाण्याची बाटलीच नव्हती! दुकानातला पोरगा म्हणाला, "कंपनी आता पाणी देत नाही भाऊ, साधं चालतं." ज्याला हे पाठ आहे त्या मी मान डोलावली. एप्रिलची दुपार, जेल पॅक हाताला कोमट. पावतीवर नुसतं 'एस्टिमेट', ना बॅच नंबर, ना दुकानाचा लायसन्स नंबर. यूपीआयवर दुकानाचं नाही, कुणा माणसाचं नाव. सगळं दिसत होतं. पण सकाळी नऊला हॉस्पिटलच्या डे केअरमध्ये नंबर लागला होता, डोस चुकवायचा नव्हता. तुम्ही काय केलं असतं?

माल बनावट आहे हे पकडलं तिथल्या सिस्टरने. खोक्यावरचा बॅच नंबर तिने व्हायलवरच्याशी ताडला, शेवटचे दोन आकडे वेगळे. प्लॅस्टिकची टोपी उडवली तर खालची अ‍ॅल्युमिनियमची कडी बोटाने गरगर फिरली. मूळ कडी जाम बसलेली असते, हलत नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी टोळी धरली होती, कॅन्सरच्या रिकाम्या व्हायलमध्ये बुरशीवरचं औषध भरणारी. ती बातमी मीच चार जणांना पाठवली होती. म्हणून सांगतो, सलाईन संपलं की रिकामी व्हायल मागा, लेबल मार्करने खोडा, मगच टाकू द्या.

चौकीत विचारलं, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तोवर पैसे पुढे सरकलेले. तुम्ही आधी तो नंबर फिरवा, चौकीत ताटकळत बसू नका. ज्यांचं कामच हे, त्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, "पक्कं बिल आणा." अहो, पक्कं बिल देणारा असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०, कलम २६ : विकत घेतलेलं औषध कुणीही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. हे कलम मलाच कागदावर लिहून द्यावं लागलं. त्यावर, "एकाची टोपी काढलेली आहे, ती चालणार नाही." बरं, दुसरी घ्या. "साहेब दौऱ्यावर आहेत."

दुसरी व्हायल अजून फ्रिजमध्येच आहे. घरात कुणी चुकून उचलू नये म्हणून डब्यावर लाल पेनाने 'खोटं' लिहून ठेवलंय.