आयडी, सेशन आणि अडकलेला विड्रॉल: क्रिकेट सट्ट्यात पैसे नेमके कुठे जातात

सट्ट्यात बुडालेला पंटर बहुतेक वेळा एकच सांगतो, ‘मॅच उलटली.’ उलटतेही कधीकधी. पण बरीचशी रक्कम त्याआधीच भावातल्या दोन पैशांत, सेशनच्या (ठरावीक षटकांतल्या धावांवरच्या सट्ट्याच्या) एका धावेत आणि आयडी, म्हणजे सट्ट्याच्या ॲपचं लॉगिन, देणाऱ्याच्या हिश्श्यात गेलेली असते.

भाव फेव्हरिट संघाचा बोलतात, रुपयामागे पैशांत. ‘मुंबई ७०-७२’ ऐकून मुंबईवर १०,००० लावले आणि ती जिंकली, तर ७,००० मिळतात. हरली तर १०,००० जातात. ही लगाई. खाईत उलटं, म्हणजे त्या संघाविरुद्ध: ७२ ला १०,००० खाल्ले, तर मुंबई हरल्यावर १०,००० मिळतात, जिंकल्यावर ७,२०० द्यावे लागतात. विदर्भातल्या पेपरात ‘लगवाडी-खयवाडी’ वाचता ती हीच. आता ७० ला लावून त्याच क्षणी ७२ ला खाऊन बघा. मुंबई जिंकली तर २०० गेले, हरली तर शून्य. मधले दोन पैसे बुकीचे. बनावट ॲपवर हेच अंतर गुपचूप ७०-७५ होतं, आणि नवखा फक्त लगाईचा आकडा बघत असल्यामुळे त्याला ते कळत नाही.

एजंटचं आवडतं आमिष म्हणजे ‘बुक सेट’. ७० ला १०,००० लाव, भाव ३० वर आला की तेवढेच खा. जिंकली तर ७,००० वजा ३,००० म्हणजे ४,००० सुटले, हरली तर काहीच जात नाही. हिशेब अगदी बरोबर आहे. फक्त भाव ३० वर आला की पडद्यावर ‘सस्पेंड’ झळकतं, आणि मार्केट उघडतं ते विकेट पडून भाव ९० झाल्यावर. बेट दाबल्यावर काही सेकंद गोल चक्र फिरतं, त्याचंही हेच काम. तेवढ्यात चौकार बसून भाव तुमच्या फायद्याचा झाला तर बेट रद्द, विरुद्ध गेला तर मंजूर. टीव्हीवरचं चित्र मैदानाच्या काही सेकंद मागे असतं, त्यामुळे भाव बदलणाऱ्याला चेंडूचा निकाल तुमच्याआधी माहीत असतो. मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियममधल्या भारत-इंग्लंड सामन्यांना प्रेक्षकांना बंदी होती, तेव्हा आसपासच्या इमारती आणि टेकडीवरून दुर्बिणी लावून बसलेले बुकी पोलिसांनी पकडले. ही सगळी खटपट त्या काही सेकंदांसाठी.

सेशनमध्ये तर लोक अक्षरशः पाण्यासारखा पैसा घालवतात. सहा षटकांचं सेशन ‘४६-४७’ असेल, तर ‘येस’वाल्याला ४७ किंवा जास्त धावा लागतात, ‘नो’वाल्याला ४५ किंवा कमी. बरोबर ४६ झाल्या तर दोघेही हरले आणि दोघांचेही पैसे बुकीकडे. अंतर ४६-४८ केलं की ४६ आणि ४७ असे दोन आकडे त्याचे. वरून ‘सेशन कमिशन’ म्हणून थोडे परत देतात, ते तुम्ही दर षटकाला खेळत राहावं म्हणून.

आयडीची साखळी सुपर मास्टर, मास्टर, एजंट अशी खाली उतरते आणि प्रत्येकाची पार्टनरशिप ठरलेली असते. एजंटचा हिस्सा ४० टक्के असेल, तर तुम्ही हरलेल्या १०,००० पैकी ४,००० त्याचे. तोच माणूस रात्री ‘भाऊ, पक्की खबर आहे, लॉस कव्हर कर’ म्हणून फोन करतो! उधारीवर पेटीभर, म्हणजे लाखाची लिमिटही तोच देतो. वळणाच्या, म्हणजे हिशेब चुकता करायच्या दिवशी, बहुधा सोमवारी, वसुलीला मात्र दुसरेच लोक येतात.

टेलिग्रामवरच्या ‘फिक्स मॅच’वाल्याकडे कसलीही खबर नसते. ८०० जणांपैकी ४०० जणांना एक संघ सांगायचा, उरलेल्यांना दुसरा. ज्यांचं बरोबर आलं त्यांची पुन्हा अर्धी वाटणी. तीन सामन्यांनंतर १०० जण उरतात, ज्यांच्या दृष्टीने हा माणूस एकदाही चुकलेला नाही. चौथ्या सामन्याची फी त्यांच्याकडून घ्यायची. चॅनेलवरच्या चुकलेल्या पोस्ट तोवर उडवलेल्या असतात.

विड्रॉलची पद्धत ठरलेली. सुरुवातीला हजार-दोन हजार पाच मिनिटांत येतात. मोठी रक्कम मागितली की बोनसचं ‘रोलिंग’ पूर्ण करा म्हणतात: ५,००० च्या बोनसवर दहापट रोलिंग म्हणजे आधी ५०,००० चे बेट लावा. तेही केलं तर ‘३० टक्के टॅक्स आधी भरा’. ऑनलाइन गेमिंगच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस एप्रिल २०२३ पासून आहे खरा, पण तो रकमेतून कापून घेतात. खेळणाऱ्याने वेगळ्या खात्यात भरायचा नसतो. ही मागणी आली की शिल्लक विसरा आणि पुढचा रुपयाही पाठवू नका.

पैसे मिळाले तरी धोका संपत नाही. डिपॉझिटला दर वेळी नवं यूपीआय किंवा भलत्याच ट्रेडर्सचं खातं देतात, कारण ती भाड्याची खाती असतात. त्यातल्या एखाद्यात दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे आले आणि तिथून तुमचा विड्रॉल झाला, तर तुमचंही खातं गोठतं. पगाराचं खातं असेल तर घराचा हप्ताही अडकतो.

सट्ट्याचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे रद्दबातल असतो, म्हणून जिंकलेल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. ‘आपणच अडकू’ म्हणून लोक फसवणुकीचीही तक्रार करत नाहीत, आणि एजंटचा भरवसा नेमका त्यावरच असतो. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षेचा रोख चालवणाऱ्यांवर, जाहिरात करणाऱ्यांवर आणि पैसे फिरवणाऱ्यांवर आहे. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके ते पुढच्या खात्यांत पांगतात. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेने दिलेला व्यवहार) क्रमांक, समोरचा खाते क्रमांक आणि आयएफएससी लिहून ठेवा. रागाच्या भरात चॅट उडवू नका, ॲपही स्क्रीनशॉट घेईपर्यंत काढू नका.

नंतर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येऊ शकतो. तुमचा नंबर आणि बुडालेला आकडा त्याच टोळीकडे असतो. पोलीस रक्कम परत करायला फी मागत नाहीत.