आनापान की सजग चालणे?

शाळेत ध्यान म्हटले की महाराष्ट्रात आधी आठवते आनापान. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतले हे ध्यान राज्याच्या शालेय ‘मित्र’ उपक्रमातून शाळांत पोचले. डोळे मिटून नाकाशी येणारा-जाणारा श्वास, जसा असेल तसा, नुसता पाहायचा. मंत्र नाही, खर्च नाही. आठवी-नववीच्या मुलांना हे जमते. पण सरसकट सगळ्या वर्गाला बसवून फार काही साधेल असे मानू नये: ब्रिटनमधल्या शाळांत झालेल्या ‘मिरियाड’ चाचणीत (2022) सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) तासांचा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किंवा अतिचंचल मुलाला डोळे मिटून बसवणे तर कधी कधी शिक्षाच ठरते. त्याच्यासाठी मी सजग चालणेच, म्हणजे प्रत्येक पावलाकडे लक्ष देत चालणे, निवडेन. अनवाणी पाऊल, फरशीचा गारवा, डोळे उघडे, हवे तेव्हा थांबायची मुभा. आणि आईबाबांना घरी त्याच्यासोबत चालता येते.