बॅटरी पार्कमधला ‘नमस्ते’

बँकेत ३१ वर्षं काढली. शेवटची काही वर्षं तर शाखेत येणाऱ्या आजी-आजोबांना ‘ओटीपी कुणाला सांगू नका हो’ असं विनवण्यातच गेली. त्यामुळे गेल्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये भर दुपारी कुणीतरी मला १३६ डॉलरची टोपी घातली, हे लिहायला जड जातंय. पण आमच्या सोसायटीतली तीन जोडपी या उन्हाळ्यात मुलांकडे न्यू जर्सीला निघालीत आणि तिघांच्याही यादीत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पहिला आहे. तेव्हा लाज खुंटीला टांगून लिहितो.

लेक न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. ती आणि जावई दोघंही नोकरीचे, त्यामुळे फिरायचं ते शनिवार-रविवारी. मग बाकीचे पाच दिवस आम्ही बाल्कनीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजत बसायचं का? मी वही काढली आणि बुधवारचा तक्ता आखला. एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी, पेन स्टेशनला उतरून एक नंबरची सबवे म्हणजे भुयारी रेल्वे, ती थेट शेवटच्या साउथ फेरी स्टेशनापर्यंत. डबा कुठे खायचा, स्वच्छतागृह कुठे आहे, सगळं लिहिलेलं. लेक म्हणाली, “बाबा, बोटीचं तिकीट ऑनलाइन काढून देते.” मी नको म्हटलं. अंदाज पावसाचा होता आणि तिकीट ठरल्या दिवसाचं. पाऊस आला तर पैसे पाण्यात. खिडकीवर काढू की! स्टेशनाबाहेर पडल्यापासून त्या खिडकीपर्यंतची पाच मिनिटं मात्र माझ्या तक्त्यात नव्हती.

साउथ फेरीचा जिना चढून वर बॅटरी पार्कपाशी आलो तर समोरच तो उभा. निळं जाकीट, गळ्यात फीत, फितीला फोटोचं कार्ड, हातात नकाशा. “नमस्ते! इंडिया?” आता परमुलखात कुणी नमस्ते म्हटलं की आपण विरघळतोच. मुंबईचं नाव त्याला माहीत होतं. हिला तो ‘मम्मी’ म्हणाला. हिला तेव्हाच खटकलं होतं, असं ही आता म्हणते.

त्याचं बोलणं मी नंतर कितीदा तरी आठवून पाहिलं. बोट ठेवून ‘हे खोटं’ म्हणता येईल असं एकही वाक्य त्यात नव्हतं. पलीकडच्या रांगेकडे हात करून म्हणाला, दोन तास लागतील. रांग होतीच, समोर दिसत होती. पुतळ्याच्या मुकुटात जायची तिकिटं आज संपलीत, म्हणाला. तीही खरंच संपली असणार, मोजकीच असतात आणि खूप आधी जातात. आम्हाला कुठे मुकुटात चढायचं होतं? पण ‘तिकिटं संपली’ एवढंच कानात शिरलं. झाडांमागे एक तांबूस तपकिरी दगडाचा गोल किल्ला दिसत होता. ते काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, जुना किल्ला आहे, आत छोटं म्युझियम आहे. तेही खरं. पुतळ्याच्या तिकिटांची अधिकृत खिडकीही त्याच किल्ल्यात आहे, एवढंच त्याने सांगितलं नाही.

हिला पुण्याच्या मैत्रिणीने सांगितलेलं आठवलं. म्हणाली, “अहो, ती नारिंगी बोट फुकट असते ना?” मी विचारलं. त्याने मान हलवली. हो, स्टेटन आयलंडची बोट फुकटच आहे, पण ती पुतळ्यापाशी थांबत नाही. आमची बोट ‘गोज टू द स्टॅच्यू.’ इथे माझं इंग्रजी कमी पडलं. ‘टू’ म्हणजे तिथवर, ‘ऑन’ म्हणजे वर. पाचवीत शिकवलं होतं.

भाव ७५ डॉलर माणशी. सिनियर म्हटल्यावर ६८ वर आला, पण रोख हवेत. अमेरिकेत पाय ठेवल्यापासून मी प्रत्येक गोष्टीला मनात ८५ ने गुणत होतो, चहासुद्धा सोडला नव्हता. इथेही गुणाकार झाला. दोघांचे साडेअकरा हजार. हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, “आयुष्यात एकदाच.” माझ्या अनुभवात हे दोन शब्द ऐकून ग्राहक सही करतो. या वेळी ग्राहक मी होतो.

मग आम्हाला एका व्हॅनमध्ये बसवून दुसऱ्याच धक्क्यावर नेलं. तिथे ना बॅग तपासली, ना पट्टा काढायला लावला. “बघ, विमानतळासारखी कटकट नाही,” असं मीच हिला वर कौतुकाने सांगितलं. खरं तर खूण तीच होती. पुतळा ज्यावर उभा आहे त्या लिबर्टी बेटावर उतरवणाऱ्या बोटीत चढण्याआधी विमानतळासारखी तपासणी होतेच होते. तपासणी न करता कुणी बोटीत बसवलं, तर ती बोट बेटाला लागणार नाही, हे पक्कं समजा. माझं बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

बोट छान होती, खोटं कशाला बोलू. वारा, ऊन, मागे मॅनहॅटनच्या इमारती. पुतळ्यासमोर बोटीचा वेग मंदावला, सगळे एका कडेला गोळा झाले, फोटो निघाले. जमिनीपासून मशालीच्या टोकापर्यंत ३०५ फूट, फ्रान्सने दिलेला, १८८६ साली लोकांसाठी खुला झाला, असं कर्ण्यातून सांगत होते. ही पर्स खांद्याला लावून उतरायला तयार. आणि बोट वळली. “अहो, उतरवणार कधी?” मी बोटीवरच्या पोराला विचारलं. तो अगदी अदबीने म्हणाला, “नो लँडिंग, सर. हार्बर क्रूझ.” चष्मा लावून तिकीट वाचलं. छापलेलं होतं, बारीक अक्षरात, पण होतं.

हिला पुतळ्यापेक्षा एलिस आयलंडची ओढ जास्त होती. १८९२ ते १९५४ या काळात अमेरिकेत राहायला आलेली सुमारे सव्वा कोटी माणसं बोटीतून उतरून जिथे तपासणीच्या रांगेत उभी राहिली, तो हॉल तिला बघायचा होता. खिडकीवर साधारण २५ डॉलरला मिळणाऱ्या तिकिटात लिबर्टी आणि एलिस ही दोन्ही बेटं येतात. वयाची ६२ वर्षं पूर्ण असतील तर त्याहून थोडं कमी. म्हणजे जवळजवळ तिप्पट पैसे मोजून आम्ही दोन्ही बेटं लांबून बघितली. परतीच्या गाडीत ही एक शब्द बोलली नाही. डब्यातले थालीपीठ तसेच घरी आले.

लेकीने न्यूयॉर्क शहराच्या ३११ या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. तक्रार नोंदवली गेली, पण मला आशा नव्हती. रोख दिलेले, कार्ड असतं तर बँकेशी भांडलो तरी असतो. तरी जावई म्हणालाच, “पण बाबा, तिकीट तर खरंच आहे.” तीच तर पंचाईत.

रात्री झोप येईना म्हणून त्या किल्ल्याची माहिती वाचत बसलो. नाव कॅसल क्लिंटन. एलिस आयलंड सुरू होण्याआधी, १८५५ ते १८९० पर्यंत, परदेशातून येणाऱ्यांची नोंदणी याच किल्ल्यात व्हायची, तेव्हा त्याला कॅसल गार्डन म्हणत. ती व्यवस्था इथे आणण्याचं एक कारण दलाल होते. ते धक्क्यावर उभे राहायचे, उतरलेल्या माणसाशी त्याच्याच भाषेत गोड बोलायचे, त्याचं सामान उचलायचे आणि भलत्या भावात रेल्वेची तिकिटं त्याच्या गळ्यात मारायचे. त्यातली काही तर कुठेच चालायची नाहीत. या भुरट्यांपासून नवख्यांना वाचवायला सरकारने सगळा कारभार भिंतीच्या आत घेतला. दीडशेहून जास्त वर्षं झाली. भिंत आहे, खिडकी आत आहे, आणि नमस्ते म्हणणारा अजून बाहेरच उभा आहे. हे वाचून मला का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

शनिवारी लेकीबरोबर परत गेलो, पण मॅनहॅटनला नाही. जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही तीच अधिकृत बोट सुटते. न्यू जर्सीत मुक्काम असेल तर तिकडूनच जा, गर्दी बरीच कमी वाटली. तिकीट लेकीने आधीच काढलं होतं, तेही नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावरून पुढे जाऊन. गूगलवर नुसतं नाव टाकलं तर वर येणाऱ्या जाहिरातींत फेरीवाल्यांचेच भाऊबंद भेटतात. पट्टा काढला, खिशातली चिल्लर ट्रेमध्ये टाकली, आणि मला त्या कटकटीचा इतका आनंद झाला की तपासणीचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. एलिसच्या हॉलमध्ये ही तासभर बाकावरून उठली नाही.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात ती नारिंगी बोटही केली. जाताना उजव्या बाजूला उभं राहायचं, पुतळा त्याच हाताला येतो. पलीकडे स्टेटन आयलंडला सगळ्यांना उतरावंच लागतं, मग लगेच परतीच्या बोटीत चढायचं. खर्च शून्य. साउथ फेरीचा जिना चढून वर आलो तर तेच निळं जाकीट पुढे आलं. “नमस्ते! इंडिया? स्टॅच्यू?” त्याने आम्हाला अजिबात ओळखलं नाही.

ही थांबली, हात जोडले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “झालं हो आमचं. दोनदा झालं.”